स्लो

जगनाडे चौकात सिग्नलचा आकडा नव्वदवर असताना
गाडी बंद पडली. पुन्हा. आठवड्यात चौथ्यांदा.
मागच्या ऑटोवाल्याने हॉर्नसुद्धा दिला नाही,
नुसता पाहत राहिला.
ते जास्त लागलं.

स्लो वाढवून दे, मी गुणवंता परातेला म्हणालो.
म्हणालो म्हणजे ओरडलो.
वीस वर्षं यंत्रमागावर काढून
गोळीबार चौकाच्या एका शेडमध्ये तो कान ठेवून आला
आणि हातात पाना घेतला.
आधी माझ्या ओठांकडे पाहतो, मग गाडीकडे,
आणि उत्तर गाडीला देतो.

"आधी गरम होऊ द्या ना जी तिले.
थंड्या इंजनाचं बोलणं मनावर घेऊ नये."

भांडे प्लॉटपर्यंत एक चक्कर मारली.
डिसेंबर. बोटं हँडलला चिकटल्यासारखी.
परत आलो तर त्याने स्टुलावरचा चहा उचलून
टाकीवर ठेवला. काचेचा ग्लास, अर्धा.
स्क्रूड्रायव्हर कार्बोरेटरपाशी,
डोळे चहात.

मिक्सचरचा स्क्रू आत, पार आत, मऊ हाताने,
मग दीड आटा बाहेर.
वलयं काठाला आपटून एकमेकांत घुसली.
अजून पाव.
आता सुटी झाली, एकात एक,
फक्त मधूनच चहा दचकायचा.

इथे माझं थोडं सांगतो.
नंदनवनात सव्वीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली.
बारा मशिनी. मराठी तीस, मराठी चाळीस.
पोरांकडे पाठ करून खिडकीशी बसायचो
आणि न वळता सांगायचो,
तिसऱ्या मशीनवरची करंगळी आळशी आहे.
मशिनी भंगारात गेल्या, किलोच्या भावाने.
कान तेवढे उरले. त्यांचं काय करायचं,
कुणी विचारलंही नाही.

गाडी सलग मारत होती
आणि मधेच एक अक्षर गाळत होती.
गाळलं की मी बोट वर करायचो.
त्याच क्षणी चहा दचकायचा.
गुणवंताने एकदा बोटाकडे पाहिलं, एकदा ग्लासाकडे,
आणि इतका हसला की तंबाखू गालातून या गालात गेली.
प्लग काढला. काळा, ओला.
पॉलिश पेपरने घासला, फुंकला, परत बसवला.

मग स्लोचा स्क्रू.
मी अंगठा वर करतो, वाढव.
तो मान हलवतो.

"जास्त ठेवली तं गिअर टाकताच धाडकन वाजते.
ब्रेक मारला तरी समोर ढकलते तुमाले.
उभं राहाले जेवढं लागते,
तेवढंच द्यायचं तिले."

आणि कमी ठेवली तर?

"मंग तुमी हायेच, जगनाडे चौकात."

अर्धा आटा डावीकडे.
केसभर उजवीकडे. पुन्हा त्याच्या निम्मा डावीकडे.
मला ओळखू आला तो आवाज:
मे महिन्यातली दुपारची बॅच, कूलरला पाणी नाही,
बारांपैकी चारच मशिनी चालू,
कुणालाच घाई नाही,
कुणी चुकतही नाही.

मी तळहात आडवा धरला. बस.
त्याचाही हात तेव्हाच थांबला होता, चहा पाहून.
कुणाच्या सांगण्यावरून थांबला
ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.
साय धरलेला तो चहा त्याने एका घोटात संपवला,
साठ रुपये घेतले,
दहा परत दिले.

संध्याकाळी तोच सिग्नल, तोच आकडा.
उजवा हात मूठ पिळायला तयार, सवयीने.
सत्तर. पासष्ट.
मग हात काढून मांडीवर ठेवला.

बाजूच्या स्कूटीवरची पोरगी, तोंडाला ओढणी,
खाली इंजिनाकडे पाहून म्हणाली,
"काका, बंद पडली काय?"

मी मान हलवली.
आकडा बावीसवर होता.